मार्चची गाबोळी

४ मार्च

दादा,

फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्याच्या नंबरवरून केला तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. म्हणून पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा तरी बघतोच. आणि तू तर दुकानातून पुडी बांधून आलेला कागदसुद्धा उलटसुलट करून वाचतोस.

अक्षराला हसू नकोस. चौथीत मी शाळा सोडली की शाळेने मला सोडलं हा वाद आपण पुन्हा केव्हातरी घालू.

मुद्द्याचं लिहितो. इथे मी मासे कापतो. लांबलचक पत्र्याचं टेबल, दोन्ही बाजूंना आम्ही बावीस माणसं, मधून पाण्याची धार. पेटी येते, पोट फाडायचं, घाण धारेत, मासा पुढे. दिवसाला हजारभर पोटं माझ्या हाताखालून जातात. हातमोजे घालूनसुद्धा बोटं संध्याकाळपर्यंत स्वतःची वाटत नाहीत. काल सकाळी पेटी उघडली तर झाकणावर आपल्या मच्छीमार सोसायटीचा शिक्का. आपल्या तळ्याचे मासे, दादा. एवढ्या लांब. रुपेरी जातीचे, हातभर, एकसारखे. मला काय झालं ते लिहीत नाही. तू म्हणशील नाटक करतो.

पहिलं पोट फाडलं तर गाबोळी. दुसरं, गाबोळी. तिसरं रिकामं. चौथं, पाचवं, सहावं पिवळ्या अंड्यांनी टम्म. शंभर मासे मोजले. एकसष्ट माद्या भरलेल्या.

मार्च महिना आहे. आपली बंदी एप्रिलपासून.

सहा वर्षांपूर्वी तू सगळ्यांना एका चटईवर बसवून एप्रिल-मे तळ्यात जाळं टाकायचं नाही असं ठरवलंस, तेव्हा ते बरोबर होतं. मासा तेव्हा एप्रिलात अंडी घालायचा. पण तीन वर्षं झाली, वरच्या धरणाचे दरवाजे महिनाभर आधी उघडतात. पाणी आधी येतं, मासा पाण्यामागे जातो. त्याला तुमच्या सभेचा ठराव कोणी वाचून दाखवलेला नाही. आता मार्चमध्ये तुम्ही पोटुशी मादी धरून पेटीत भरता, आणि एप्रिलमध्ये रिकाम्या माशांची राखण करता.

एकतीस तारखेला मत्स्य खात्याचे साहेब येणार, हाच नियम दहा वर्षांसाठी पक्का करणार आणि अध्यक्ष म्हणून तुझी सही घेणार, असं कळलं. सही करू नकोस. दहा वर्षं असंच चाललं तर शेवटी राखायला फक्त पाणी उरेल.

गेल्या वर्षी बंदीत मी जाळं टाकलं ते हेच बघायला. तू ऐकून घेतलं नाहीस.

भिंगरी


११ मार्च

दादा,

वहिनीचा निरोप आला. तू म्हणालास म्हणे, "चोरून जाळं टाकणाऱ्याने मला मासे शिकवू नयेत." छान. म्हणजे वाचलंस.

वहिनी म्हणाली की तू जाळं दुरुस्त करत बसला होतास, ती मोठ्याने वाचत होती, आणि एकसष्ट आकडा आला तेव्हा तुझी सुई थांबली. नाही म्हणू नकोस.

पुन्हा दोन वेळा आपल्या पेट्या आल्या. शंभरात अठ्ठावन्न, मग शंभरात सहासष्ट. मी कसं मोजतो ते सांगतो, नाहीतर सचिव म्हणेल हवेतले आकडे. माझ्या शेजारी एक मावशी कापायला असते. वीस वर्षं याच टेबलावर आहे, वरचे दोन दात नाहीत, बोलण्याला मात्र धार सुरीची. गाबोळी निघाली की मी टेबलाच्या खालच्या बाजूला खडूने रेघ मारतो. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "काय रे, सुटकेचे दिवस मोजतोस का?"

"मासे मोजतोय."

"मासे मुकादम मोजतो. तू गप कापत राहा."

सगळं सांगितलं तेव्हा म्हणाली, "शंभरच का मोजतोस? आणि पहिलेच शंभर का? पेटीत वर मोठे रचतात, खाली बारके. वरचेच मोजशील तर माद्याच जास्त येणार." झालं. माझा पहिला आकडा तिथेच पांगळा झाला. पुढचे दोन मी वरून, मधून, खालून घेऊन मोजलेत. पहिला सोडून दे, ते दोन धर.

मुकादमाने टेबलाखाली वाकून बघितलं. मला वाटलं आता घरी पाठवतो. तो म्हणाला, "रेघा सरळ मार, साफ करायला सोप्या जातात."

तर माझं म्हणणं असं. बंदी एक महिना अलीकडे ओढा. मार्च-एप्रिल बंद, मे उघडा. दोन महिनेच राहतील, कोणाच्या चुलीवर जास्तीचा भार नाही. सोपं आहे. तू म्हणशील, नियम एकदा हलवला की मोडला. मोडलाय तो आधीच. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात कितीजण गुपचूप टाकत होते तुला माहीत आहे. त्यांना धाक नव्हता म्हणून नाही. पोटात काही सापडत नव्हतं म्हणून. नुसता देखावा कोण पाळतो?

मी तुझ्यासारखा शहाणा नाही. पण मेलेला मासा खोटं बोलत नाही, आणि मी दिवसाला हजार मासे विचारतो.

भिंगरी


१९ मार्च

दादा,

काल वहिनीने फोनवर सरळच विचारलं. "भाऊजी, त्या दिवशी जाळं का टाकलंत? खरं सांगा."

मी म्हटलं, लिहिलंय ना पत्रात, बघायला.

ती म्हणाली, "मला उल्लू बनवू नका. बघायला एक मासा पुरतो. तुम्ही एकोणीस धरलेत."

मग मी फोन ठेवून दिला. आपल्या घरची सवय आहे ती.

पण रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितो. त्या वर्षी राखणदार मीच होतो. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण तुला ते माहीतच आहे, आणि मला ते लिहायचं नव्हतं. सगळे म्हणत होते भिंगरीला राखण देऊ नका, त्याच्या अंगात शांत बसणं नाही. तू सभेत उभा राहून म्हणालास, "माझा भाऊ आहे, मी जबाबदार." होडी दिलीस, शिट्टी दिलीस.

चाळीस दिवस, दादा. होडीत बसून पाण्याकडे बघायचं. कोणी येत नाही, कोणी जात नाही. बगळेसुद्धा मला ओळखायला लागले. एक्केचाळिसाव्या दिवशी मी जाळं टाकलं. बघायला नाही, विकायला नाही. कंटाळा आला म्हणून. हाताला काहीतरी ओढ हवी होती म्हणून. खरं कारण एवढंच आहे आणि ते इतकं लाजिरवाणं आहे की मी चोर म्हणवून घेणं पत्करलं.

मासे कापले तेव्हा मात्र बघितलं, एकातही गाबोळी नाही. तेव्हा हे डोक्यात शिरलं. तुला सांगायला धावत आलो, तोवर धक्क्यावर माणसं जमली होती आणि तू विळ्याने माझं जाळं कापत होतास. एकेक डोळा मोजल्यासारखा कापत होतास. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस.

जाळ्याचं दुःख नाही. तू कापलंस ते बरोबरच होतं, तुझ्या जागी मी असतो तर मीही कापलं असतं. पण मी ओरडत होतो की पोटं रिकामी आहेत, पोटं रिकामी आहेत, आणि अकराजणांच्या कमिटीतल्या एकानेही वाकून एक मासा उचलून बघितला नाही. त्याचा राग आहे. तो जाणार नाही.

माणूस खोटा निघाला म्हणून त्याच्या हातातला मासा खोटा होत नाही. एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मी एकतीस तारखेपर्यंत लिहीत राहणार.

भिंगरी


२६ मार्च

दादा,

हे पत्र नीट वाच, कारण यात मी चुकलोय. माझी चूक तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. तुला आनंद होईल, पण फार होऊ देऊ नकोस.

वहिनीचं पत्र आलं. चार पानं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला चार पानं लिहिली. तिने माझे आकडे बाजारात नेले. तिच्या ओळीत मासे विकायला बसणाऱ्या नऊजणी आहेत, सगळ्या गिऱ्हाइकासमोर मासा साफ करून देतात. तिने विचारलं, तुमच्याकडे रुपेरीच्या पोटात काय निघतंय? तर त्या हसल्या. म्हणाल्या, "तीन वर्षं झाली की मार्चलाच गाबोळी येते. हे काय विचारायचं?"

वहिनीने विचारलं, "मग सांगितलं का नाहीत?"

सगळ्यात म्हातारी होती ती म्हणाली, "कोणी विचारलं का?"

दादा, मी घरी होतो तेव्हा रोज संध्याकाळी वहिनी माझ्यापासून दोन हातांवर बसून मासे साफ करायची. मीसुद्धा कधी विचारलं नाही. हा टोला तुला आणि मला अर्धा-अर्धा.

आता माझी चूक. त्या म्हणाल्या, रुपेरीचं खरं आहे, पण मिशाळाचं काय? त्याची अंडी आत्ता कुठे धरतायत, खसखशीएवढी. तो अजून एप्रिल-मेलाच घालतो, पहिल्यासारखा. त्याला धरणाच्या पाण्याचं काही पडलेलं नाही, तो गाळात राहतो.

मिशाळ मासा या कारखान्यात येतच नाही. इथे त्याला गिऱ्हाईक नाही. तो सगळा आपल्याच बाजारात खपतो. मी इथे हजारो पोटं फाडली आणि मला वाटलं मी तळं वाचतोय. मी फक्त पेटी वाचत होतो. माझ्या म्हणण्याप्रमाणे मे उघडला असतास तर दोन वर्षांत मिशाळ संपला असता, आणि तळ्यावरची निम्मी घरं मिशाळावर जगतात. मी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "तुझं टेबल म्हणजे जग नाही रे बाबा," आणि माझ्या पुढ्यात आणखी एक पेटी सरकवली.

तर मी अर्धा चुकलो. अर्धा. तू मात्र एकतीसला सही केलीस तर पूर्ण चुकशील, आणि तेही दहा वर्षांसाठी.

पुढचं डोकं माझं नाही, त्या नऊजणींचं आणि वहिनीचं आहे. रुपेरी अंडी घालायला लव्हाळ्याच्या कोपऱ्यात जातो. मिशाळ नाल्याच्या तोंडाशी गाळात. मग आख्खं तळं कशाला बंद करायचं? मार्चमध्ये लव्हाळं बंद, एप्रिल-मे नाल्याचं तोंड बंद, मधलं पाणी मोठ्या डोळ्याच्या जाळ्याला वर्षभर मोकळं. एकच वर्ष करायचं. बाजारात त्या मोजतील, इथे मी मोजीन. वर्षाने बसायचं आणि फसलं असेल तर बदलायचं.

सचिव विचारेल, असं होईल याची खात्री काय? खात्री नाही. मला परवापर्यंत फार खात्री होती, तिचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

हे पत्र आणि याच्या आधीचं सभेत वाचायचं तर आख्खं वाच. जाळ्याचं, कंटाळ्याचं, सगळं. मधलं गाळू नकोस. मला कोणाची भीती नाही. इथे लाज वाटली तरी कोणाला दिसत नाही, हा एक फायदा आहे लांब असण्याचा.

भिंगरी


३ एप्रिल

दादा,

वहिनीने सभेची हकीकत फोनवर सांगितली. मी कारखान्यामागच्या बर्फाच्या खोलीजवळ उभा राहून ऐकत होतो, पाऊण तास. मुकादम दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यालाही सांगितलं, मग तोही थांबला.

तू उठलास, पत्रं खिशातून काढलीस आणि वाचलीस. चारही. मी शेवटची दोनच म्हटलं होतं. कंटाळ्याचं आलं तेव्हा सगळे हसले, आणि तू म्हणे थांबून सगळे हसून होईपर्यंत वाट बघितलीस आणि मग पुढचं वाक्य वाचलंस. वहिनी म्हणाली, "तुमच्या दादांचे कान लाल झाले होते." लाल व्हायलाच पाहिजेत. राखण तूच दिली होतीस.

सचिव म्हणाला, "हा नियम करायला दोन वर्षं गेली. त्याआधी इथे वल्ह्यांनी डोकी फुटायची. दर वर्षी उघडून बसलात तर उद्या ज्याला त्याला आपल्या सोयीचा नियम पाहिजे होईल."

हे त्याचं चूक नाही. डोकी फुटत होती ते मलाही आठवतंय. तू कपाळावर पट्टी बांधून घरी आला होतास आणि सांगितलंस पडलो म्हणून.

मग ती म्हातारी मागच्या ओळीतून उठली. सोबत पाटी आणली होती, ओला फडका टाकून. खात्याच्या साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांच्या शेजारी, तिने एक रुपेरी आणि एक मिशाळ ठेवला आणि दोन्ही तिथेच फाडले. साहेब खुर्ची मागे सरकवत म्हणाले, "बाई, कागद ओले होतील."

ती म्हणाली, "होऊ द्या. त्यात चुकीचंच लिहिलंय."

एकातून मूठभर निघाली, दुसऱ्यातून खसखस. अकराही जण वाकून बघत होते, असं वहिनी म्हणाली. वाकून, दादा. मला ते बघायचं होतं. एक वर्ष लांब राहून जे मिळालं नाही ते त्या पाटीने पाच मिनिटांत करून दाखवलं.

साहेब म्हणाले, "अध्यक्ष, दहा वर्षांची मंजुरी वरून आलेली आहे. एका वर्षाची मला पुन्हा मागावी लागेल. तुम्हाला नक्की काय होणार ते तरी सांगा."

तू म्हणालास, "नक्की काहीच माहीत नाही साहेब. म्हणूनच एक वर्ष."

मी हे वाक्य वहिनीकडून दोनदा वदवून घेतलं. तू? माहीत नाही म्हणालास? चारचौघांत?

एका वर्षाची सही झाली. नऊजणींपैकी दोघी कमिटीत आल्या, मोजायचं काम त्यांच्याकडे. सचिवाने हट्ट धरून घेतला की मधल्या वर्षात कोणी काही बदलायचं नाही, जे काय ते मार्चच्या सभेत, सगळ्यांसमोर. ते मला पटलं. त्याला सांग. नको, सांगू नकोस, चढून बसेल.

शेवटी मी म्हटलं, आणि माझं? सामान बांधू का?

ती म्हणाली, "ते म्हणतात, त्याला तिथेच राहायला सांग."

मी तिथल्या तिथे खाली बसलो. ओल्या जमिनीवर. मला वाटलं होतं निदान आता. मी काय काय बोललो ते वहिनीला विसरायला सांग, तिचा दोष नव्हता.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "झालं? आता कारण ऐका. रुपेरीच्या दहातल्या आठ पेट्या तिकडेच जातात. बाजारात आम्हाला जे उरतं तेवढंच दिसतं. तुम्ही परत आलात तर त्या आठ पेट्या कोण बघणार?"

दादा, हे तू रागाने ठरवलंस की डोक्याने, ते मला अजून कळलेलं नाही. शिक्षा असेल तर सरळ शिक्षा म्हण. काम असेल तर काम म्हण. दोन्हीची खिचडी करून वहिनीच्या तोंडून पाठवू नकोस. मी भिंगरी असेन, पण मला फिरवायला दोरी कोणाच्या हातात आहे ते मला कळलं पाहिजे.

उत्तर येईपर्यंत मी मोजणार नाही. पेट्या येतील, कापीन. रेघ मारणार नाही.


१४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं. साडेतीन ओळी. मी वाचून झाल्यावर मावशीने मागितलं, तिला वाचता येत नाही तरी हातात धरून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "दाबून लिहितो की तुझा भाऊ. मागून हात फिरवला तर कळतं."

तू लिहिलंस, काम आहे. शिक्षा धक्क्यावर झाली, ती संपली. मोजायला दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही. मार्चच्या सभेला ये, तेव्हा चुकलं असेल तर दोघेही उभे राहू.

गेल्या वर्षीही तू विश्वासच टाकला होतास आणि मी काय केलं ते गावाला माहीत आहे. तरी पुन्हा टाकतोस म्हणजे तुझ्याही डोक्यात कुठेतरी भिंगरी आहे. असो. या वेळी कंटाळा आला तर कंटाळा आला असं लिहून कळवीन.

माझ्या अटी आहेत. पेटीवर पाणी कुठलं ते लिहून पाठवा, लव्हाळ्याजवळचं की मधलं, नाहीतर माझी मोजणी फुकट. जाळ्याच्या डोळ्याचं मापही लिहा. आणि आकडा तुम्हाला आवडला नाही तरी सभेत वाचायचा. माझ्या बाजूचा नसला तरी मी पाठवीन, तुमच्या बाजूचा नसला तरी तुम्ही वाचा.

त्या दहा दिवसांत तीन वेळा पेट्या आल्या, त्या मोजल्या नाहीत. हट्टापायी गेल्या. त्या जागी आकडा टाकू नका, "मोजले नाही" असं लिहा. अंदाजाने भरलंत तर मला कळेल.

आज आलेल्या पेटीवर तुझ्या अक्षरात "मधलं पाणी" असं होतं, मी सांगायच्या आधीच. वरून, मधून, खालून घेतले. शंभरात चार भरलेल्या, बाकी मोकळ्या. एका पेटीवरून उड्या मारू नका, पण लिहून घ्या. सचिव विचारेल कोणी मोजले म्हणून. सरळ सांग, माझ्या भावाने.